कयाकवर दिवसभर आमिष जिवंत ठेवायला किती मोठी बॅटरी लागेल?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: जयगड खाडीत पहाटे कयाक घालून संध्याकाळपर्यंत गरवता, सीटमागे २० लिटरची टाकी आहे, तिच्यात आमिषाचे बोय मासे आणि कोळंबी असते. टाकीत खाडीचं ताजं पाणी चढवणारा पंप १२ व्होल्टचा, तासाला ५०० गॅलनवाला. यूपीएसमधली ७ अँपिअर-तासांची बॅटरी नऊ वाजायच्या आत मान टाकते आणि मग आमिष मरायला लागतं. मोठी बॅटरी घ्यावी की सोलर पॅनल बसवावं?

माझं म्हणणं, खर्च करण्याआधी पंप सतत चालवणं थांबवा. तुमचा प्रश्न बॅटरीपेक्षा पंपाचा जास्त आहे.

हिशोब करून बघा. ५०० गॅलन म्हणजे सुमारे १,९०० लिटर. मिनिटाला ३० लिटरच्या आसपास. पाइपची उंची आणि वळणं धरून २० ते २५ लिटर पडत असेल, तरी तुमची अख्खी टाकी दर मिनिटाला बदलते आहे. एवढं पाणी कुठल्याच आमिषाला लागत नाही. तासाला सहा-आठ वेळा पाणी बदललं तरी पुष्कळ होतं. उलट त्या जोराच्या धारेत बोय दिवसभर प्रवाहाविरुद्ध पोहत राहते, दमते, तिचे खवले जातात, आणि गरीला लावायची वेळ येते तेव्हा तिच्यात तडफड उरलेली नसते. जिताडा किंवा तांबोशीसारखा शिकारी मासा अशा मलूल आमिषाकडे ढुंकून बघत नाही.

असा पंप साधारण २ अँपिअर खातो. नेमका आकडा पंपावर छापलेला असतो, तो पाहा. दहा तास सतत चालला तर २० अँपिअर-तास झाले. तुमच्या बॅटरीवरचे ७ हे वीस तासांत सावकाश वापरली तर मिळणारे ७ आहेत. २ अँपिअरने ओढलं की त्याहून कमीच मिळतात. शिवाय यूपीएसमध्ये असते तशी लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे तुमची बॅटरी खराब आहे असं नाही, तिच्याकडून अशक्य काम घेतलं जातंय.

सायकल टायमर रिले नावाचं छोटं सर्किट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं, काहीशे रुपयांत. १२ व्होल्टवर चालणारं घ्या. पंप एक मिनिट चालू, तीन मिनिटं बंद असं लावा. सरासरी ओढ अर्ध्या अँपिअरवर येते, दहा तासांचे ५ अँपिअर-तास होतात, आणि तरीही पाणी तासाला पंधरा-वीस वेळा बदलतं. तीन मिनिटांपेक्षा जास्त बंद मात्र ठेवू नका, निदान एप्रिल-मे महिन्यांत तरी नाही. तेव्हा आपल्याकडे समुद्राचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं. इतक्या कोमट खाऱ्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ६ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, आणि त्याच उष्णतेने माशाची गरज वाढलेली असते. गोठवलेल्या पाण्याची घट्ट झाकणाची बाटली टाकीत सोडली तर मोठा दिलासा मिळतो. पाणी दोन-तीन अंशच उतरू द्या, एकदम गार करू नका.

टाकीत किती जीव घालायचे हा तितकाच महत्त्वाचा भाग आहे, आणि तो बॅटरीशी थेट जोडलेला आहे. २० लिटरमध्ये बोटाएवढ्या दहा-बारा बोया ठेवल्या तर पंपाला विसावा देता येतो. चाळीस कोंबल्या तर कुठलीही बॅटरी पुरणार नाही. खूण अगदी सोपी आहे: मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करायला लागले की ऑक्सिजन कमी पडतोय. पाण्यावर न फुटणारा पांढरट फेस साचला की त्यांची बुळबुळ आणि घाण साठली आहे, तेव्हा हवा वाढवून उपयोग नाही, पाणीच बदलायला हवं. कोळंबीला टाकीत जाळीचा एखादा तुकडा सोडा, ती त्याला धरून शांत बसते.

आता बॅटरी. टायमर लावल्यावरही ७ची यूपीएस बॅटरी रोज ७० टक्के रिकामी होणार, म्हणून ती बदलाच, पण मोठी नको. १२ व्होल्ट, १२ अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या. वजन दीड किलोच्या आसपास, म्हणजे सध्याच्या दोन-सव्वादोन किलोपेक्षा हलकी, आणि ८०-९० टक्के निर्धास्त वापरता येते. तिचा चार्जर वेगळा असतो, १४.६ व्होल्टपर्यंत चार्ज करणारा. जुना चार्जर तिला लावू नका. फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर त्याला शक्यतो वेगळी छोटी बॅटरी द्या. एकाच बॅटरीवर पंप सुरू झाला की पडद्यावर रेघा उठतात.

फक्त कोळंबी नेणार असाल त्या दिवशी पंप घरीच ठेवा. यूएसबीवर चालणारा हवेचा पंप दीड-दोन वॅटचा असतो, १०,००० एमएएचची पॉवर बँक त्याला दिवसभर पुरते. अर्ध्या-पाऊण तासाने बादलीने निम्मं पाणी बदलायचं एवढंच. मला विचाराल तर कोळंबीसाठी हीच सर्वांत चांगली सोय आहे.

सोलरचं सांगतो. १० वॅटचं पॅनल भर दुपारी, नीट उन्हाकडे तोंड करून, अर्धा-पाऊण अँपिअर देतं. कयाकवर ते कधी तुमच्या सावलीत, कधी खाऱ्या पाण्याच्या थराखाली, आणि दुपारी खारा वारा सुटला की शिडासारखं वारा धरतं. घराच्या पत्र्यावर खुशाल लावा, होडीवर नको.

वायरिंगकडे मात्र कंजुषी नको. वायर पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड महिन्याभरात उघडून बघा: तोंडाशी हिरवी पूड, आणि प्लॅस्टिक सोलत गेलं की बोटभर आतपर्यंत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या. अशा जोडातून पंपाला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही आणि दोष बॅटरीला दिला जातो. कल्हई केलेल्या तांब्याची, बोटींसाठी मिळते ती वायर वापरा, जोड डाख देऊन करा, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाशी, अगदी जवळ, ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. बॅटरी आणि टायमर रबरी गास्केटच्या डब्यात ठेवा आणि डबा कयाकला बांधा.

पंप घरघरतोय पण पाणी येत नाही असं झालं तर बहुतेक वेळा आत हवा अडकलेली असते. पाइप टाकीतून काढून खाली धरा, बुडबुडे निघून गेले की धार सुरू होते. पंपाचं तोंड पाण्यात चार-पाच इंच खोल आणि पुढच्या दिशेला असलं की लाटांवर डोलताना हवा शिरत नाही.

खाडीतली आणखी एक गोष्ट, कारण तुम्ही पावसाळा संपता संपताही जाता असं लिहिलंय. शास्त्री नदीतून गोडं पाणी उतरतं तेव्हा ते हलकं असल्यामुळे वर तरंगतं आणि तुमचा पंप नेमकं तेच उचलतो. बोय ते सोसते. खाडीच्या मुखाबाहेर, समुद्रात पकडलेली तारली सोसत नाही, ती तासाभरात उताणी होते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत वर जाणार असाल तर तारली नेऊच नका.

आणि भरलेली टाकी म्हणजे पाठीमागे २० किलो वजन. अर्धी भरलेली त्याहून वाईट, पाणी एका बाजूला धावतं आणि कयाक त्या बाजूला कलते. म्हणून पाणी कायम ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत ठेवा. खाडीच्या मुखाशी लाटा फुटत असतील किंवा पुळणीवर उतरायचं असेल तेव्हा आधीच तळाचं बूच काढून टाकी पूर्ण रिकामी करा, आत आमिष उरलेलं असलं तरी.

पंपावर छापलेला अँपिअरचा आकडा इथे कळवलात तर टायमरची वेळ नेमकी काढून देतो.