किल्ल्यावरचं शून्य मुलांना कसं दाखवावं?

प्रश्न : मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच. दोघांना ग्वाल्हेरचा किल्ला पायी दाखवायचा आहे. गाडीने थेट वर जावं की खालून चढावं? वेळ किती धरावा? — एक आई, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : खालून चढा, आणि तेही किला गेटच्या बाजूने. गाड्या जातात त्या उरवाई दरवाज्याने वर गेलात तर मुलांच्या डोळ्यांसमोर एकदम महाल उभा राहतो, पण किल्ला चढून जायचा असतो हे त्यांना कळतच नाही. किला गेटकडून वाट एकामागून एक दरवाजे ओलांडत हत्तीपोळ या वरच्या दरवाज्यापर्यंत जाते. मुलांना दरवाजे मोजायला सांगा. चढ विसरायला हा उपाय खात्रीचा आहे.

मोठा माणूस ही वाट पंचवीस मिनिटांत चढतो. पाच वर्षांच्या मुलीबरोबर पाऊण तास धरा. फरशी पावलांनी घासून गुळगुळीत झाली आहे. चढताना त्रास होत नाही, उतरताना पाय घसरतो. म्हणून चप्पल नको, रबरी तळव्याचे बूट घाला. बाबागाडीही नको, तान्हं मूल असेल तर झोळीत घ्या. उतरायला उरवाईची बाजू घ्या आणि रिक्षा तिथेच बोलवा. तो रस्ता अरुंद आहे आणि गाड्यांची ये-जा असते, म्हणून एका रांगेत चाला आणि मुलांना डोंगराच्या बाजूला ठेवा.

नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे महिने उत्तम. ऐन थंडीत धुकं असेल तर दहाच्या आधी निघू नका, वरून खालचं शहर दिसणार नाही. उन्हाळ्यात मुलांना नेऊच नका. माणशी एक लिटर पाणी घ्या, आणि चढायच्या आधी शौचाचं काम उरकून घ्या, वाटेत सोय धरून चालू नका. पायथ्याच्या गुजरी महालातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं वार ठरवताना लक्षात ठेवा.

आणि एका दिवसात सगळं दाखवायचा हट्ट सोडा. मान मंदिर (नाव मंदिर, पण आहे महाल), चतुर्भुज मंदिर आणि आणखी एकच ठिकाण, एवढं पुरे. चौथ्या ठिकाणी मुलं रडू लागतात ती कंटाळ्याने नव्हे, भुकेने. किल्ल्यावरच्या गुरुद्वारा दाता बंदी छोडमध्ये लंगर असतो. मुलांच्या डोक्यावर बांधायला रुमाल जवळ असू द्या.

प्रश्न : 'जगातलं सर्वात जुनं शून्य ग्वाल्हेरला आहे' असं मुलीला शाळेत सांगितलं. हे खरं का? ते दिसतं तरी कुठे? आम्ही दोनदा गेलो, सापडलं नाही. — एक वाचक, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : सापडत नाही, कारण लोक ते मान मंदिरात शोधतात. ते आहे चतुर्भुज मंदिरात, किला गेटकडून चढताना लक्ष्मण दरवाज्याजवळ. एकाच खडकात कोरलेलं हे छोटं देऊळ गाडीने वर जाणाऱ्यांच्या वाटेत येतच नाही. दार बंद दिसलं तर परत फिरू नका, पहारेकऱ्याला विचारा.

'जगातलं सर्वात जुनं' हे मात्र मुलीच्या वहीत दुरुस्त करा. कंबोडियातल्या इ. स. ६८३च्या शिलालेखात शून्यासाठी ठिपका आहे, तो याहून जुना. ग्वाल्हेरच्या लेखावर विक्रम संवत ९३३ कोरलेलं आहे. त्यातून ५७ वजा केले की ८७६ येतात, ही वजाबाकी मुलीलाच करू द्या. भारतात काळ निश्चित असलेल्या दगडी लेखांत गोल आकाराचं शून्य दिसतं त्यांत याचं स्थान फार वरचं आहे, आणि अभिमान वाटायला तेवढं भरपूर आहे.

लेखात आहे काय, ते आधी घरी सांगा, म्हणजे मुलं शोधायला उत्सुक होतील. देवाला फुलं मिळावीत म्हणून बाग दिली : २७० हात लांब, १८७ हात रुंद. त्या बागेतून रोज ५० माळा द्यायच्या. शून्य आहे ते २७० आणि ५० मध्ये. शेजारच्या अंकांपेक्षा लहान, साधं वर्तुळ. आजच्या देवनागरीची सवय असलेल्या मुलाला २ आणि ७ बरेचसे ओळखता येतात, आणि तो क्षण बघण्यासारखा असतो.

अक्षरं झिजलेली आहेत. टॉर्च समोरून मारलात तर भिंत नुसती पांढरी दिसते, कारण खाचांत सावली पडत नाही. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने धरा, अक्षरं उठून दिसतात. खडू, पावडर किंवा ओलं बोट मुळीच लावू द्यायचं नाही. हजाराहून जास्त वर्षं टिकलेला दगड अशानेच खराब होतो.

आता मापं. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, मोठ्या माणसाचा साधारण ४५ सेंटिमीटर. साडेचार मीटर सुतळी कापा, म्हणजे दहा हात झाले. आदल्या रविवारी एखाद्या मैदानावर ती सुतळी सत्तावीस वेळा टाका : १२१ मीटरहून थोडं अधिक, ही बागेची लांबी. मग मुलाला त्याच्या स्वतःच्या हाताने मोजायला लावा. त्याची बाग लहान भरेल, आणि माप कुणाच्या हाताचं यावरून भांडण का होतं ते त्याला आपोआप कळेल. शेवटी २७० मधलं शून्य पुसा. उरलेली सत्तावीस हातांची बाग सुतळीने आखून दाखवा. ती जेमतेम बारा मीटर, एखाद्या वाड्याच्या अंगणाएवढी. स्थानिक किंमत यापेक्षा सोपी करून सांगता येत नाही.

प्रश्न : सास-बहू मंदिर खरंच सासू-सुनेचं का? नातवंडं विचारतात. — एक आजी, ग्वाल्हेर

उत्तर : आजी, सासूचा विष्णू आणि सुनेचा शिव ही गोष्ट अवश्य सांगा, पण गोष्ट म्हणूनच. नाव 'सहस्रबाहू' या विष्णूच्या नावावरून आलं असं मानतात. तिथल्या दोन देवळांतलं मोठं विष्णूचंच, १०९३मध्ये पूर्ण झालेलं. सहस्रबाहूचं सास-बहू कसं झालं ते मुलांना भरभर दहा वेळा म्हणायला लावा.

कडेचे कठडे ठेंगणे आहेत. तिथे पाच वर्षांखालच्या मुलाचा हात सोडू नका, फोटोसाठीही नाही.

प्रश्न : मान मंदिराच्या तळघरात मुलं घाबरतील का? — एक वडील, लष्कर

उत्तर : काही घाबरतात. खाली अंधार, पायऱ्या अरुंद, वटवाघळांचा वास. एका मोठ्या माणसाने पुढे, एकाने मागे राहावं. घाबरलेल्या मुलाला ओढू नका. बाहेर पूर्वेच्या भिंतीवरची पिवळी बदकं मोजायला बसवा. निळ्या फरशांच्या पट्ट्यांतून ती ओळीने चालतात. सकाळचं ऊन थेट त्या भिंतीवर पडतं, तेव्हा रंग सर्वात उजळ दिसतात, म्हणून तळघर नंतर ठेवलं तरी बदकं सकाळीच मोजा.