बुद्धिबळपटू मीर सुलतान खानला ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) येत नव्हती, तरी त्याने कापाब्लांकाला हरवलं. मग आपण ओपनिंग शिकायची काही गरज आहे का?

गरज आहे. सुलतान खानचं नाव या वादात नेहमी पुढे केलं जातं, पण त्याची कारकीर्द नीट पाहिली तर तीच उलट बाजूने बोलते.

सुलतान खान पंजाबातला, तिथले बडे जमीनदार सर उमर हयात खान यांच्या आश्रयाला होता. (तो निरक्षर नोकर होता, ही सगळीकडे फिरणारी गोष्ट त्याच्या कुटुंबीयांना मान्य नाही. त्यामुळे ती पुढे पाठवताना जरा जपून.) तो वाढला देशी पद्धतीचं बुद्धिबळ खेळत. आपल्याकडेही जुन्या पिढीतल्या बऱ्याच जणांना ही पद्धत ठाऊक असेल: प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं आणि राजाला डावात एकदा घोड्याची अडीच घरांची चाल मिळते. प्यादी अशी घराघराने सरकत असल्यामुळे समोरासमोरची गाठ उशिरा पडते आणि आपापल्या बाजूला सोंगट्या मांडून घ्यायला दोघांनाही सवड मिळते. अशा खेळात आठव्या-दहाव्या चालीपर्यंतचं पाठांतर लागतच नाही. लागते ती मधल्या डावाची समज आणि शेवटाची चिकाटी. या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे भरपूर होत्या.

१९२८ मध्ये त्याने अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि १९२९ मध्ये तो लंडनला पोहोचला. तिथे त्याला सराव मिळावा म्हणून एक छोटी स्पर्धा भरवली, तर त्यात तो तळाला राहिला. आंतरराष्ट्रीय नियमांच्या खेळात ओपनिंग न येण्याची किंमत त्याने तिथेच मोजली. त्यानंतर विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन पक्क्या इंग्लिश खेळाडूंनी त्याला बसवून तयारी करून घेतली, आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला तो ब्रिटिश विजेता झाला. पुढे १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. लोक पहिला आणि शेवटचा भाग सांगतात, मधली मेहनत गाळतात. माझा सगळा आक्षेप इथे आहे.

आता तुम्ही म्हणता तो डाव. हेस्टिंग्ज, १९३०-३१. समोर माजी जगज्जेता कापाब्लांका, १९१६ ते १९२४ या काळात एकही स्पर्धात्मक डाव न हरलेला माणूस. पांढरी सोंगटी सुलतान खानकडे. ओपनिंग क्वीन्स इंडियन नावाची, आणि पाचव्या चालीला तो खेळला प्यादं ए३ (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा पांढऱ्याकडून १ ते ८). पटावर मांडून बघा. काळ्याचा उंट बी४ वर आला की सी३ वरचा घोडा राजापुढे अडकतो, तो हलूच शकत नाही. ए३ ने ते दार आधीच बंद होतं आणि मध्यावर सी३ च्या घोड्याचा जोर कायम राहतो. ही मांडणी पुढे जगज्जेता पेट्रोस्यानच्या नावाने ओळखली गेली आणि १९८० च्या दशकात कास्पारोव्हने तिच्यावर डावामागून डाव जिंकले. ज्याला ओपनिंग येत नव्हती म्हणतात, त्याच्या हातून १९३० च्या सुमाराला ही चाल पडली आहे! कुठे वाचून पडली असेल असं मला वाटत नाही. प्रतिस्पर्ध्याला काय हवं आहे ते ओळखून त्याने ते दिलं नाही. ओपनिंग शिकणं म्हणजे माझ्या लेखी हेच.

डावाचा पुढचा भाग तर त्याहून सुंदर आहे. कापाब्लांकाने दोन्ही हत्ती सी पट्टीवर एकामागे एक लावले. सुलतान खानने राजाच्या बाजूची प्यादी पुढे रेटली आणि २१व्या चालीला उंट जी४ वर आणून सी८ च्या हत्तीवर रोखला. कापाब्लांकाने हत्ती सी१ वर घुसवून शह दिला, मग दुसराही सी२ वर उतरवला, आणि दोन हत्तींच्या बदल्यात वजीर मारला. वरवर बघता काळ्याचंच बरं वाटतं. पण मधली प्यादी एकमेकांत अडकून पडलेली, पट बंद, वजिराला मारायला काही नाही आणि शह द्यायला जागा नाही. काळा वजीर एच३, एच४ असा एकटाच पांढऱ्याच्या मुलखात हिंडतो, आणि इकडे दोन हत्ती व दोन उंट सावकाश फास आवळत नेतात. डाव ६५ चालींनी संपला. घाई कुठेही नाही. देशी बुद्धिबळातली सवय दिसते ती इथे.

हा योगायोगाने लागलेला एक डाव नव्हता. १९३१ मध्ये त्याने टार्टाकोव्हर या नावाजलेल्या खेळाडूला सामन्यात ६½–५½ असं हरवलं, आणि त्याच वर्षीच्या प्राग ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळताना फ्लोर आणि रुबिनस्टाइन या आघाडीच्या खेळाडूंना हरवलं, तेव्हाचा जगज्जेता आल्योखिनशी बरोबरी केली. १९३३ च्या अखेरीस तो भारतात परतला. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना झाला, त्यात खाडिलकरांना एक बरोबरी मिळाली, बाकी नऊ डाव सुलतान खानचे. त्यानंतर मोठ्या स्पर्धांत तो दिसलाच नाही. तिशीच्या आसपास इतका मोठा खेळाडू पटापासून दूर जावा, याची हळहळ मला अजून वाटते. जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं ते २०२४ मध्ये. तो गेला होता १९६६ मध्ये.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पांढऱ्याने एक आणि काळ्याने दोन ओपनिंग पुरेत, एक पांढऱ्याच्या ई४ ला आणि एक डी४ ला उत्तर म्हणून. त्यांच्या फांद्या पाठ करण्याआधी त्याच ओपनिंगचे जुने पूर्ण डाव शेवटपर्यंत पटावर खेळून बघा, मोबाइलवर नुसते सरकवू नका. सुरुवात वरच्याच डावापासून करा: २१व्या चालीनंतर थांबा, इंजिन (चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम) बंद ठेवा आणि काळ्याने हत्ती सी१ वर घुसवण्याऐवजी दुसरं काय करता आलं असतं ते कागदावर लिहा. काय सापडलं ते इथेच टाका, मी माझं विश्लेषण खाली देईन.