लेन, लोन आणि रिक्थ : नॉर्वेचा लेन्समन सरंजामदार नव्हता

एका ताईंनी विचारलंय. त्यांचे जावई नॉर्वेचे, जावयांच्या घराण्याचे सतराव्या-अठराव्या शतकातले कागद कुणीतरी जुळवून दिलेत, आणि त्यावरून नातवंडांसाठी त्या मराठीत छोटीशी पुस्तिका लिहितायत. कागदांत पूर्वजांच्या नावापुढे चार शब्द सारखे येतात : लेन्समन, फूट, ओडेल्सबोंदे आणि प्रोप्रिएतेर. एका नातेवाइकांनी सांगितलं की सरळ सगळ्यांना 'सरंजामदार' लिहून टाका, युरोपातले जुने जमीनवाले म्हणजे सरंजामदारच. दुसऱ्या कुणी सांगितलं की लेन्समनमधलं 'लेन' आपल्या लेन-देनमधलंच आहे, म्हणजे तो सावकार असणार. ताई विचारतायत, यातलं काय धरू?

दोन्ही धरू नका. आणि पहिल्या सल्ल्याचा मला खरंच राग आहे, कारण हा शब्द हल्ली कुणीही कुठेही वापरतं. परवा एका व्याख्यानात वक्ते 'नॉर्वेतल्या सरंजामदारांनी पिळलेला शेतकरी' असं तीन वेळा म्हणाले. शेतकरी पिळला जात होता हे खरं, पण पिळणारा सरंजामदार नव्हता, तो पगारी आणि फीवर जगणारा सरकारी माणूस होता, आणि हा फरक गेला की त्या देशाचा सगळा इतिहासच उलटा दिसायला लागतो. परिभाषा ठरवणाऱ्यांनी फ्यूडॅलिझमला 'सरंजामशाही' हा शब्द लावला तिथेच घोटाळा सुरू झाला असं माझं स्पष्ट मत आहे. सरंजाम हा फारसी शब्द, सर आणि अंजाम, म्हणजे काम शेवटाला नेणं, त्यावरून त्यासाठी लागणारी तयारी, सामानसुमान. 'लग्नाचा सगळा सरंजाम' आपण अजून म्हणतो तो हाच. मराठेशाहीत फौज बाळगायला म्हणून जो मुलूख लावून दिला जायचा तो सरंजाम. देणारा सरकार, घेणारा चाकर, आणि तत्त्वतः तरी काढून घेता येणारा. व्यवहारात तो पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरात राहिला, ते वेगळं.

आता गंमत अशी की नॉर्वेत या शब्दाला शोभेल असा एक माणूस होता, फक्त तो तुमच्या चौघांत नाही. त्याला म्हणायचे लेन्सहेर्रे. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्या राजाखाली होतं, देशाचे मोठे विभाग म्हणजे आकेर्सहूस, बेर्गेनहूस, ट्रॉन्डहाइम, वार्डोहूस वगैरे, अशा प्रत्येक विभागाला 'लेन' म्हणायचे आणि राजा तो एखाद्या उमरावाला, बहुतेक वेळा डेन्मार्कच्याच, सांभाळायला द्यायचा. याच्यातही प्रकार होते. काही लेन हिशेबी, म्हणजे वसूल राजाचा आणि उमरावाला ठरलेला मेहनताना. काही ठरावीक रक्कम भरून वरचं स्वतः ठेवायचे, आपल्या मक्त्यासारखे. काही चाकरीच्या बदल्यात. काही चक्क गहाण, राजाने पैसे उचललेले म्हणून. चाकरीच्या लेनला सरंजाम म्हणा, माझी हरकत नाही. पण १६६० मध्ये फ्रेडरिक तिसऱ्याने उमरावांना बाजूला सारून वंशपरंपरेचं अनियंत्रित राज्य स्थापलं आणि १६६२ मध्ये लेन मोडून त्यांच्या जागी 'आम्ट' आणले, त्यांच्यावर आम्टमन हा पगारी अधिकारी. म्हणजे तुमच्या कागदांतल्या बहुतेक काळात लेनच शिल्लक नाही, नुसतं नाव राहिलंय.

आणि या नावासाठीच मी हे लिहायला बसलो.

'लेन' म्हणजे मुळात उसनं. राजाने उसनं दिलेलं, परत करायचं. जर्मन बाजूने आलेला शब्द आहे आणि त्याचा सख्खा भाऊ जुन्या नॉर्स भाषेत 'लान', अर्थ तोच, उसनं दिलेली वस्तू. हा 'लान' व्हायकिंगांबरोबर इंग्लंडात उतरला आणि त्याचा झाला 'लोन'. म्हणजे आपण रोज जे होम लोन, पर्सनल लोन करतो, बँकेत 'लोनची फाइल पास झाली का' विचारतो, तो शब्द मूळचा उत्तरेकडच्या त्या थंड मुलखातला आहे, लेन्सहेर्रेच्या लेनचा भाऊ. लेन-देनमधल्या लेनशी याचा काडीचा संबंध नाही. ते हिंदी लेना, आणि लेना येतं संस्कृत लभ् धातूवरून, म्हणजे मिळणं, लाभणं. ऐकायला सारखं वाटलं की नातं जोडायचं ही सवय सोडली पाहिजे, तशाने उद्या कुणी अजिंठ्याची लेणीसुद्धा नॉर्वेला नेऊन बसवेल.

पण लेनचा संस्कृतशी संबंध आहेच, फक्त तो कानाला ऐकू येत नाही. लोन, लान, लेन हे सगळे ज्या मूळ धातूवरून आलेत त्याचा अर्थ 'सोडणं, मागे ठेवणं', आणि संस्कृतात तोच धातू रिच्. मूळच्या र-लमध्ये संस्कृतने पुष्कळदा र घेतला आणि युरोपीय भाषांनी ल ठेवला, त्यामुळे चेहरा बदलला. रिच् वरून रिक्त, म्हणजे सोडून गेल्यावर उरलेलं, रिकामं. त्यावरून आपलं रिता. माझी आजी घागर पालथी करताना 'रिती केली बघ' म्हणायची, तो रिता. अतिरिक्त हाही त्यातलाच. आणि याच धातूवरून रिक्थ. रिक्थ म्हणजे मेलेल्याने मागे सोडलेलं धन, वारसा. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आईबापांच्या पश्चात भावांनी 'पैतृकं रिक्थम्' सारखं वाटून घ्यावं असं आहे, ते हेच. ऋग्वेदात 'रेक्णस्' असा शब्द येतो, त्याचाही अर्थ मागे राहिलेलं धन, आणि बांधणीने तो तर लानच्या अगदी शेजारी बसतो.

आता बघा काय झालं. एकच धातू, सोडणं. उत्तरेकडे त्याचा अर्थ झाला 'तात्पुरतं तुझ्याकडे सोडलंय, परत दे', आणि आपल्याकडे झाला 'आता सोडून गेलो, कायमचं तुझं'. आणि नॉर्वेच्या जमिनीच्या सगळ्या इतिहासात जर दोन शब्द एकमेकांसमोर उभे असतील तर ते म्हणजे लेन आणि ओडेल, राजाचं उसनं आणि वाडवडिलांचं कायमचं. म्हणजे लेनचा संस्कृत भाऊ रिक्थ, त्याचा अर्थ नेमका लेनच्या विरुद्ध उभ्या असलेल्या ओडेलचा! मी हे पहिल्यांदा जुळवलं तेव्हा रात्रभर मला दुसरं काही सुचलं नाही, आणि अजूनही कुणी नॉर्वेचं नाव काढलं की मी इथेच येतो.

तर ओडेल. ओडेल्सबोंदे म्हणजे ज्याची जमीन घराण्याची आहे, राजाची नाही, उमरावाची नाही, असा शेतकरी. ती जमीन विकली गेली तरी ठरलेल्या मुदतीत घराण्यातला माणूस किंमत भरून ती परत घेऊ शकतो, आणि घरची मुख्य शेती थोरल्याकडे जाते. याला मराठीत शब्द शोधायची गरजच नाही, तयार आहे : मिरासदार. मिरास हा अरबी शब्द, अर्थ वारसाच, आणि आपला मिरासदारही गाव सोडून गेला, वर्षांनी परतला, तरी बाकी भरून आपल्या शेतावर हक्क सांगायचा. जी मंडळी 'मिरासदार फक्त दख्खनचा, परक्या देशाला लावू नका' म्हणतात त्यांनीच सरंजामदार मात्र सगळ्या जगाला लावलाय, हे कसं चालतं? त्या उलट ज्याची स्वतःची जमीन नाही तो लायलेंडिंग, आपला उपरी किंवा कूळ. त्याला जमीन घेतानाच एक रक्कम भरावी लागायची, मग दर वर्षी खंड, आणि वर दर तिसऱ्या वर्षी आणखी एक रक्कम. हा खंड पूर्वी वस्तूंत मोजायचे. पश्चिम किनाऱ्यावर लोणी, उत्तरेला मासे, कुठे कातडी, कुठे धान्य. १६६५ च्या जमीनपत्रकात शेताची किंमतच तशी लिहिलीय, अमुक शेत इतक्या लोण्याचं. मला हे वाचताना फार जवळचं वाटलं, शेताचा मोठेपणा एकरात नाही तर त्याने वर्षाला द्यायच्या लोण्यात.

ओडेलविषयी अजून एक सांगतोच. उमरावांना नॉर्वेजियनमध्ये 'आडेल' म्हणतात, आणि आडेल आणि ओडेल हे एकाच मुळातले, फक्त स्वर बदललेला, दोन्हींच्या पोटात घराणं, कूळ हाच अर्थ. १८१४ मध्ये आइड्सव्होलला, लाकडाच्या व्यापारावर गब्बर झालेल्या आंकेर घराण्यातल्या कार्स्टेन आंकेरच्या घरात, राज्यघटना झाली. तिच्यात ओडेलचा हक्क रद्द करता येणार नाही असं कलम घातलं आणि नव्या उमरावक्या देऊ नयेत असंही घातलं. मग १८२१ मध्ये त्यांच्या संसदेने, राजाचा विरोध असताना, तिसऱ्यांदा मंजूर करून उमरावकीच मोडीत काढली. एकाच मुळाचे दोन शब्द, एकाला घटनेचं संरक्षण आणि दुसऱ्याला कायद्याने निरोप. ज्या देशात हे घडलं तिथल्या शेतकऱ्याला सरंजामदाराच्या टाचेखालचा म्हणताना जरा थांबायला हवं. तसे उमरावी मुलूख होते, नाही असं नाही, लार्विकची काउंटी १६७१ ची, यार्ल्सबर्गची सुरुवात १६७३ ची, रोसेन्दालची बॅरनी १६७८ ची. पण संपूर्ण देशात हे तीनच, बोटावर मोजा.

फूट राहिला. फूट किंवा फोग्ड, एकच. राजाचा कर गोळा करणारा, पोलिसाचं काम बघणारा, गावसभेच्या कोर्टात सरकारची बाजू मांडणारा. १६६० आधी तो लेन्सहेर्रेचा खासगी नोकर असायचा, नंतर थेट राजाचा. याला कमाविसदार म्हणा किंवा मामलेदार, मला मामलेदार जास्त आवडतो. शब्दाचं मूळ लॅटिन 'अॅडव्होकातुस', म्हणजे बोलावलेला, मदतीला हाक मारून आणलेला. जर्मनीत झिजत झिजत 'फोगट'सारखं काहीतरी झालं आणि उत्तरेत फोग्ड. त्यातला 'व्होक' म्हणजे आपली वाच्, वाचा. म्हणजे अॅडव्होकेट आणि फूट सख्खे. आणि इथे कुणीतरी हमखास म्हणतं की मग वकीलही वाक् वरूनच. नाही. वकील अरबी आहे, ज्याच्यावर काम सोपवलं तो, त्याचं वाचेशी नातं लावणाऱ्यांनी एकदा अरबी कोश उघडून बघावा. शेतकऱ्यांच्या तोंडी फूट ही शिवीच झाली होती, आजही तिथे करवसुली करणाऱ्याला लोक बोलीत 'स्काट्टेफूट' म्हणतात. १७८६ मध्ये दक्षिण नॉर्वेत ख्रिस्तियान लोफ्थूस नावाच्या शेतकऱ्याने जी चळवळ उभी केली तिचं गाऱ्हाणं हेच, अधिकारी हक्कापेक्षा जास्त फी उकळतात आणि शहरातले व्यापारी त्यांच्या सनदांच्या जोरावर गावाला अडवतात. तो तक्रारी घेऊन कोपनहेगनपर्यंत गेला, पुढे पकडला गेला आणि १७९७ मध्ये आकेर्सहूसच्या किल्ल्यात कैदेतच वारला. त्याच्या तक्रारीत सरंजामदार शोधून दाखवा.

फूटच्या शेजारी बसायचा सोरेनस्क्रीव्हर. तो तुमच्या कागदांत शिक्के-सह्यांजवळ नक्की सापडेल म्हणून सांगतो. सोरेन हे माणसाचं नाव नाही, 'शपथ घेतलेला', म्हणजे शपथेचा लिहिणारा. १५९१ मध्ये हे पद आणलं ते गावच्या पंचांचं काम कागदावर उतरवायला, १६३४ पासून तो पंचांबरोबर निकाल द्यायला बसला आणि १६८७ च्या कायद्याने बहुतेक खटल्यांत एकटाच न्यायाधीश झाला. लेखणी धरणारा माणूस हळूहळू सत्ता धरतो हे आपल्याला नवीन नाही, फर्द लिहिणारा तो फर्दनवीस, त्याचा फडणीस, आणि फडणिसांच्या हाती पुढे पुण्याचा कारभार आला. त्या देशात जिल्हा न्यायालयाच्या प्रमुखाला आजही सोरेनस्क्रीव्हरच म्हणतात.

आणि ज्याच्यापासून सुरुवात झाली तो लेन्समन. नावात लेन आहे, हातात लेन नाही. त्या गावचाच शेतकरी, स्वतःच्या शेतावर राहणारा, फूटच्या हाताखाली समन्स पोचवणारा, चोर धरणारा, कोर्ट भरलं की हजर, बदल्यात काही करांची सूट. हा पाटील. सरंजामदार म्हणाल तर त्याच्या आत्म्याला बरं वाटेल, पण खरं नाही. पुस्तिकेत 'पाटील' लिहा आणि कंसात लेन्समन, नातवंडांना लगेच कळेल.

प्रोप्रिएतेरचं मात्र आधी साल बघा. १६६० च्या आसपास युद्धांनी राजा कर्जात बुडाला होता आणि ज्यांच्याकडून कर्ज उचललं त्यांना जमिनी देऊन मोकळा होत होता. योखुम इर्गेन्सला १६६६ मध्ये उत्तर नॉर्वेतला प्रचंड मुलूख मिळाला तो असाच, राजाकडे येणं होतं म्हणून. अशा जमिनी पुढे व्यापारी, पाद्री, फूट असे कुणीकुणी विकत घेतल्या आणि मोठा पसारा असलेला तो प्रोप्रिएतेर, तर पुष्कळ ठिकाणी कुळांनीच आपापलं शेत हळूहळू विकत घेतलं. म्हणून त्याला 'जमीनमालक' एवढंच लिहा. आणि तुमच्या कागदात फूटच पुढे प्रोप्रिएतेर झालेला दिसला तर त्याने जमीन कुणाकडून घेतली तो खरेदीखताचा मजकूर मला जरूर पाठवा, त्यात खंड लोण्यात लिहिलाय की मासळीत ते बघायचंय.