मुलगा सिंगल्स सोडून फक्त डबल्स खेळायचं म्हणतोय. नुसत्या डबल्सवर बॅडमिंटनमध्ये करिअर होतं का?

होतं. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की मुलगा १५ वर्षांचा आहे, सिंगल्समध्ये दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या पुढे जात नाही आणि कोच म्हणतायत, 'मग डबल्सला टाका.' हे कारण मला पटलेलं नाही, त्यामुळे आधी त्याबद्दल बोलतो. मी स्वतः राज्य पातळीवर डबल्सच खेळलो, त्याच जोरावर नोकरी लागली आणि आता संध्याकाळी ठाण्यात पोरांना शिकवतो. म्हणजे मी डबल्सच्या बाजूचाच माणूस आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

आपल्याकडे डबल्स म्हणजे सिंगल्समधून गळालेल्यांची सोय, असा समज बरीच वर्षं होता. जुन्या काळी तसा भेदच नव्हता म्हणा. सांगलीचे नंदू नाटेकर राष्ट्रीय स्पर्धेत एकेरी ६ वेळा, दुहेरी ६ वेळा आणि मिश्र दुहेरी ५ वेळा जिंकले. एकाच माणसाने सगळं खेळायचा तो जमाना. पुढे खेळ वेगवान झाला, वर्षभर स्पर्धा सुरू झाल्या आणि दोन्हीकडे वरच्या पातळीवर टिकणं अशक्य झालं. चीन, इंडोनेशिया, कोरिया, मलेशिया यांनी पोरांना लहान वयातच डबल्सला वेगळं काढून घडवायला सुरुवात केली. आपण मागे राहिलो. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये लेरॉय डिसा आणि प्रदीप गंधे यांनी पुरुष दुहेरीत ब्राँझ मिळवलं, त्यानंतरचं पदक थेट २०२३ चं, हांगझोचं. मधली ४१ वर्षं कोरडी. (महिलांनी त्याआधीच दार उघडलं होतं. ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी २०१० ला दिल्लीत राष्ट्रकुलचं सोनं आणि २०११ ला लंडनमध्ये जागतिक ब्राँझ आणलं. त्या दोघींना त्या मानाने कौतुक कमीच मिळालं, असं माझं मत.)

पुरुषांमध्ये चित्र बदललं ते २०१५ नंतर, मलेशियाचे टॅन किम हर खास दुहेरीसाठी कोच म्हणून आले तेव्हा. आंध्रातल्या अमलापुरमचा सात्त्विकसाईराज आणि गोरेगावात उदय पवारांच्या अकादमीत तयार झालेला चिराग शेट्टी, या दोघांना एकत्र आणलं ते टॅन यांनीच. गंमत म्हणजे दोघंही उंच, दोघांनाही मागून स्मॅश मारायला आवडायचं. नेटवर थांबायला कोणालाच नको. कागदावर ही जोडी चुकीची वाटावी अशीच. पण कोणी कधी पुढे यायचं, कोणी मागे जायचं हे घोटून घोटून बसवलं, तेव्हा दोन्ही कोपऱ्यांतून मारा करणारी जोडी उभी राहिली.

हे सांगायचं कारण असं की डबल्स हे वेगळं कसब आहे. सिंगल्समध्ये रॅली लांबवता येते, दम काढता येतो, समोरच्याला चार कोपऱ्यांत पळवता येतं. डबल्समध्ये कोर्टाची रुंदी ६.१ मीटर होते, पण सर्व्हिसची मागची रेघ आत येते. त्यामुळे उंच सर्व्हिस सहसा महागात पडते, आणि पॉइंटचा निकाल पुष्कळदा पहिल्या तीन-चार फटक्यांत लागतो. सर्व्हिस नेटला घासून गेली का, रिसीव्ह करणारा पुढे झेपावला का, आणि तिसऱ्या फटक्याला सर्व्हिस करणाऱ्याची रॅकेट वर होती का. बास. सात्त्विकच्या ताशी ५६५ किलोमीटर वेगाच्या स्मॅशची गिनेसमध्ये नोंद झाल्यापासून दर दुसरा पालक मला विचारतो, 'आमच्याला स्मॅश शिकवा ना.' तो विक्रम जपानमध्ये यॉनेक्सच्या कारखान्यातल्या जिममध्ये, मोजणीसाठी मुद्दाम मारलेल्या स्मॅशचा आहे. सामना सर्व्हिस आणि रिसीव्हवर फिरतो, आणि ती प्रॅक्टिस इतकी कंटाळवाणी असते की निम्मी पोरं तिथेच गळतात. त्यातून २०१८ पासून सर्व्हिस करताना शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खालीच मारावं लागतं. उंच पोरांना त्यासाठी वाकून नव्याने सर्व्हिस बसवावी लागली.

म्हणजे सिंगल्समध्ये ज्याचे पाय कमी पडतात, त्याचं डबल्समध्ये आपोआप भागेल असं नाही. तिथे हात आणि डोळे जास्त लागतात. ज्याला हात आहे, जो नेटवर घाबरत नाही आणि ज्याला समोरून अंगावर येणारी ड्राइव्ह (सपाट, वेगवान फटका) आवडते, त्याने डबल्स जरूर घ्यावं. पळायचा कंटाळा म्हणून घेऊ नये.

आता करिअरचं. बाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही, पण डबल्समध्ये तुमचं करिअर तुमच्या एकट्याचं नसतं. रँकिंग जोडीचं असतं. ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम १० स्पर्धांचे गुण धरतात, आणि ते धरतात त्या दोघांनी मिळून खेळलेल्या स्पर्धांचे. पार्टनर बदलला की नव्या जोडीला पुन्हा खालून चढावं लागतं. पार्टनर जायबंदी झाला तर तुम्ही ठणठणीत असूनही घरी बसता. २०२५ च्या ऑल इंग्लंडमध्ये चिरागची पाठ धरली आणि दुसऱ्या फेरीत दोघांनाही सामना सोडावा लागला. त्याच्या आदल्या वर्षी सात्त्विकच्या खांद्यामुळे आशियाई अजिंक्यपद हुकलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर असलेली जोडी मे २०२५ मध्ये सिंगापूरला उतरली ती २७ व्या क्रमांकावरून. तिथे त्यांनी तेव्हाच्या अव्वल मलेशियन जोडीला हरवलं आणि ऑगस्टमध्ये पॅरिसला जागतिक ब्राँझही घेतलं, ही गोष्ट वेगळी. पण मधले ते महिने कसे गेले असतील, हे डबल्स खेळलेल्या कोणालाही विचारा.

ऑलिंपिकचा दरवाजाही अरुंद. सिंगल्सच्या मानाने डबल्सच्या जागा फार थोड्या, सगळ्या जगातून साधारण १६ जोड्या. एका देशाच्या दोन जोड्या जायच्या तर दोन्ही पहिल्या आठांत हव्यात. म्हणजे भारतात तुमची जोडी दोन नंबरची असेल, तर जवळजवळ नक्की घरी. आणि पोहोचलात तरी काय होईल ते सांगता येत नाही. टोकियोत सात्त्विक-चिरागने गटातले तीनपैकी दोन सामने जिंकले, पुढे सुवर्ण मिळवणाऱ्या तैवानच्या ली यांग आणि वांग ची-लिन यांनाही हरवलं, आणि तरी गेमच्या फरकावर गटातूनच बाहेर पडले. पॅरिसला उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या आरोन चिया आणि सोह वूई यिक यांच्याकडून पहिला गेम जिंकून हरले. याच सात्त्विक-चिरागने २०२२ ला बँकॉकला थॉमस कपच्या, म्हणजे पुरुषांच्या जागतिक सांघिक स्पर्धेच्या, फायनलमध्ये चार मॅच पॉइंट वाचवून १८-२१, २३-२१, २१-१९ असा सामना काढला होता. तो मी किती वेळा पाहिला असेन! विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा स्मॅश पुढे ढकलतो आणि दोन पॉइंटांमधला वेळ बघायला सांगतो. एकाचा फटका नेटमध्ये गेला की दुसरा काय करतो ते बघा. चेहरा पाडत नाही, रॅकेट पुढे करतो, दोन शब्द बोलतो आणि वळतो.

दुसरं उदाहरण अश्विनी पोनप्पाचं. ज्वालाबरोबर वर सांगितलेली पदकं, शिवाय २०१४ ला ग्लासगोत रौप्य. मग सिक्की रेड्डीबरोबर २०१८ ला गोल्ड कोस्टला ब्राँझ. मग तनिषा क्रॅस्टो, मूळ गोव्याच्या कुटुंबातली, दुबईत जन्मलेली, अश्विनीपेक्षा तेरा-चौदा वर्षांनी लहान. या दोघींनी २०२३ मध्ये अबू धाबी आणि गुवाहाटीच्या सुपर १०० (जागतिक मालिकेतल्या खालच्या दर्जाच्या) स्पर्धा जिंकल्या आणि पॅरिस ऑलिंपिकही गाठलं. तिथे गटातले तिन्ही सामने हरल्या, पण वयाच्या चौतिशीत, नव्या पार्टनरबरोबर पुन्हा शून्यातून सुरुवात करून तिथवर पोहोचणं मला पदकाइतकंच मोठं वाटतं. करिअर तिचं एक, पण ते तीन वेळा उभं करावं लागलं.

वयाच्या बाबतीत मात्र डबल्स दयाळू आहे. इंडोनेशियाचा हेंड्रा सेतियावान २००८ मध्ये मार्किस किडोबरोबर ऑलिंपिक विजेता झाला आणि २०१९ मध्ये मोहम्मद अहसानबरोबर बासेलला जगज्जेता झाला, तोही आपल्या ३५ व्या वाढदिवशी. त्याच दिवशी, त्याच हॉलमध्ये सिंधू जिंकली, म्हणून आपल्याकडे कोणाचं तिकडे लक्ष गेलं नाही. तो निवृत्त झाला २०२५ मध्ये. सिंगल्समध्ये इतकी वर्षं टिकणारे मोजकेच.

आता पैसे, कारण बाप म्हणून तुमचा खरा प्रश्न तो आहे, आणि तसा असण्यात काही गैर नाही. बक्षिसाची रक्कम जोडीला मिळते. २०२३ ची इंडोनेशिया ओपन घ्या, सुपर १००० म्हणजे वरच्या दर्जाची, एकूण बक्षीस १२,५०,००० डॉलर. सिंगल्सच्या विजेत्याला ८७,५००. डबल्सच्या विजेत्या जोडीला, म्हणजे सात्त्विक-चिरागला, ९२,५००. दोघांत वाटले की प्रत्येकी ४६,२५०. म्हणजे सिंगल्सवाल्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. विमान, कोच, फिजिओ यांचा खर्च मात्र निम्मा होत नाही. आणि ही शिखरावरची गोष्ट. खालच्या इंटरनॅशनल चॅलेंज स्पर्धांत जिंकूनही एकाच्या वाट्याला येतं ते तिकिटाला पुरलं तर पुरलं. सुरुवातीची वर्षं खर्च घरातूनच जातो. फेदर शटलचे डबे, गटिंग (रॅकेटची जाळी), दोन-तीन रॅकेट, बूट, प्रवास. सरकारच्या टॉप्स योजनेत (ऑलिंपिक पदकाच्या दावेदारांसाठीची) नाव आलं की प्रशिक्षण आणि स्पर्धांचा भार उचलला जातो, मासिक भत्ताही मिळतो, पण त्या यादीत देशभरातून डबल्सच्या जोड्या मोजक्याच असतात. प्रीमियर बॅडमिंटन लीगमुळे मधल्या फळीतल्या खेळाडूंना चार पैसे मिळायचे, ती २०२० नंतर झालीच नाही.

मग बहुतेकांचं भागतं कशावर? नोकरीवर. रेल्वे, तेल कंपन्या, विमानतळ प्राधिकरण, आणि आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांमधलं ५ टक्के क्रीडा आरक्षण. इथे डबल्सचा एक छुपा फायदा आहे. आंतरराज्य किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी संघ निवडताना डबल्सची पक्की जोडी लागतेच, आणि चांगला डबल्सवाला कमी मिळतो. माझ्या वयाचे, सिंगल्समध्ये माझ्यापेक्षा सरस असलेले काही जण नोकरीशिवाय राहिले. माझं नाव संघात होतं ते निव्वळ नेटवरच्या खेळामुळे. पुढे कोचिंगचाही रस्ता आहे. अरुण विष्णू स्वतः दुहेरीचे आंतरराष्ट्रीय खेळाडू होते, पुढे दुहेरीचेच कोच झाले आणि ट्रीसा जॉली-गायत्री गोपीचंद या जोडीबरोबर त्यांनी काम केलं. डबल्स मुळापासून समजणारे कोच जिल्ह्याच्या गावी आजही शोधावे लागतात.

तुमच्या मुलासाठी मी काय करीन? १७ वर्षांखालचा गट संपेपर्यंत सिंगल्स पूर्ण सोडणार नाही. जिंकण्यासाठी नव्हे, पाय आणि दम तयार व्हावेत म्हणून. आठवड्यातले तीन दिवस डबल्सची वेगळी प्रॅक्टिस मागून घेईन: सर्व्हिस, रिसीव्ह, भिंतीवर ड्राइव्ह, आणि दोन जणांविरुद्ध एकट्याने डिफेन्स. अकादमीत अशी वेगळी प्रॅक्टिस होत नसेल, उरलेल्या कोर्टावर चौघांना सोडून देऊन त्यालाच डबल्स म्हणत असतील, तर अकादमी बदला. आणि मित्र आहे म्हणून पार्टनर धरू नका. शेजारी राहणारा, शाळेतला, बाबांच्या ओळखीचा, या जोड्या दोन सीझनमध्ये फुटतात आणि घरांमध्ये अबोला उरतो. मिक्स्डही खेळू द्या. कोरियाचा सो सुंग-जे २०२३ मध्ये पुरुष दुहेरी आणि मिश्र दुहेरी, दोन्हींत जगज्जेता झाला. मिक्स्डमुळे नजर तयार होते आणि आणखी एक दार उघडं राहतं.

मुलगा डावरा आहे का, उंची किती आणि सध्या पुढे खेळायला आवडतं की मागे, एवढं खाली लिहा. डावरा असेल तर उजव्या हाताचा पार्टनर आत्तापासून शोधायला लागा. अशा जोडीला बऱ्याच वेळा दोन्ही बाजूंनी फोरहँडने मारता येतं, आणि डावऱ्यांना मागणी असते.