लेकीचं ट्रॅव्हल सॉकर आणि ५२९चे साडेचारशे

न्यू जर्सीत एडिसनजवळ राहणाऱ्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी नोव्हेंबर २०१४ची, पाचवीत आहे. तीन वर्षं टाउनशिपच्या, म्हणजे गावच्या, ट्रॅव्हल टीममध्ये (बाहेरगावी जाऊन मॅच खेळणाऱ्या) खेळते. मे महिन्यातल्या ट्रायआउटनंतर, म्हणजे निवड चाचणीनंतर, एका मोठ्या क्लबने तिला त्यांच्या दुसऱ्या (पहिलीच्या खालच्या) टीममध्ये जागा देऊ केली आहे. वर्षाची फी ३,४०० डॉलर, टाउनशिपची ११००. उत्तर ४८ तासांत हवं. आई-बाबा दोघंही नोकरी करतात, मिळून उत्पन्न १,६८,००० डॉलर, दोघंही नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता अजून तीन वर्षं आहे. सगळं भागून महिन्याला पाचशेच्या आसपास उरतात. बाजूला ठेवलेले पैसे दोन महिन्यांच्या खर्चाचे. मिस्टरांचं म्हणणं असं: एनजेबेस्ट या न्यू जर्सीच्या योजनेतल्या ५२९ खात्यात, म्हणजे कॉलेजसाठीच्या बचत खात्यात, महिना ४५० जातात ते थांबवू, तेच इथे लावू, उद्या सॉकरची स्कॉलरशिप मिळाली की कॉलेजचा प्रश्नच मिटला. मुलगी दोन दिवस रुसून बसली आहे, कारण तिच्या दोन मैत्रिणी त्या क्लबात गेल्या.

आधी ते ३,४०० बाजूला ठेवा. तो फक्त दारातून आत जायचा आकडा आहे. तुम्ही पाठवलेल्या तपशिलावरून मी वहीत मांडून पाहिलं. युनिफॉर्मचं किट ४२० डॉलरचं, दोन वर्षं चालतं, म्हणजे वर्षाला २१०. टीमचा टूर्नामेंट फंड ४५०. हिवाळ्यातलं फुटसाल (बंदिस्त जागेतलं छोटं सॉकर) ३५०. प्रॅक्टिसला जाऊन-येऊन ४४ मैल, आठवड्यातून तीनदा, ३६ आठवडे: ४,७५२ मैल. गॅस आणि गाडीची झीज धरून मैलाला फक्त ३० सेंट लावले तरी सव्वाचौदाशे. बाहेरच्या राज्यातल्या तीन टूर्नामेंट, प्रत्येकी दोन रात्री हॉटेल, १९० डॉलरने ११४०, आणि खाणंपिणं सहाशे. बेरीज ७,५७५. टाउनशिपच्या टीमचा तुमचा सगळा खर्च मिळून दोन हजार होतो. फरक साडेपाच हजारांचा.

हॉटेलचा आकडा मी हात राखून धरलाय. बऱ्याच टूर्नामेंटमध्ये ‘स्टे टू प्ले’ असतं: त्यांनी नेमून दिलेल्या एजन्सीकडूनच खोली घ्यायची, नाहीतर टीमला प्रवेश नाही. आमची मुलगी खेळायची तेव्हा एकदा त्याच हॉटेलची तीच खोली मला बाहेर ६० डॉलरने स्वस्त दिसत होती आणि घेता येत नव्हती. सकाळी सातची मॅच, थर्मासमधला चहा, घडीच्या खुर्चीवर ब्लँकेट पांघरून बसलेली मी, आणि डोक्यात ते ६० डॉलर. गाडीच्या मॅटमधून टर्फवरचे काळे रबराचे दाणे अजून निघतात, ती विकायची वेळ आली तरी.

तर साडेपाच हजार आणायचे कुठून? तुमचं ५२९ वर्षाला बरोबर ५,४०० होतं, म्हणून मिस्टरांची नजर तिकडे गेली, हे समजू शकते. पण मुलगी कॉलेजला जाईपर्यंत सात वर्षं ते ४५० थांबवले आणि सहा टक्के वाढ धरली, तर त्या वेळी खात्यात जवळपास ४७ हजार कमी असतील. रटगर्स या न्यू जर्सीच्या विद्यापीठाची राज्यातल्या मुलांसाठीची नुसती ट्यूशन आणि फी धरली तर आजच्या दराने अडीच वर्षं त्यात निघतात. शिवाय दोन लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर एनजेबेस्टमध्ये भरलेल्या रकमेवर, वर्षाला १० हजारांपर्यंत, न्यू जर्सीच्या टॅक्समध्ये वजावट मिळते. तुमच्या बाबतीत ती बचत साधारण तीनशे डॉलरची, तीही जाईल. आणि खात्यातले साठलेले काढून क्लबची फी भरायचा विचार असेल तर तो सोडाच. क्लबची फी म्हणजे शिक्षणाचा खर्च नव्हे. वाढलेल्या रकमेवर टॅक्स आणि वर दहा टक्के दंड.

आता स्कॉलरशिप. या एका शब्दावर या देशातली निम्मी सॉकर-कुटुंबं हॉटेलांची बिलं भरतात, असं माझं मत आहे. एनसीएए या कॉलेजातल्या खेळांच्या संघटनेच्याच आकड्यांनुसार हायस्कूलमध्ये खेळणाऱ्यांपैकी साधारण ७ टक्के मुलं कॉलेजात कुठल्या तरी पातळीवर खेळतात, आणि खेळाची स्कॉलरशिप मिळणारी साधारण २ टक्के. मुलींच्या सॉकरला डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीवर, २०२५पर्यंत एका कॉलेजला जास्तीत जास्त १४ पूर्ण स्कॉलरशिपची मर्यादा होती आणि त्या १४ पंचवीस-तीस मुलींत वाटून दिल्या जायच्या. म्हणजे ‘स्कॉलरशिप मिळाली’ याचा अर्थ बहुतेकदा अर्धी किंवा पाव. आता नवीन व्यवस्थेत सामील झालेल्या कॉलेजांत ती मर्यादा उठली, पण टीम फार तर २८ जणींची ठरली. आणि आपल्या जवळची टीसीएनजे, मॉन्टक्लेअर, रोवन ही कॉलेजं डिव्हिजन थ्रीची. तिथे खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. ईस्ट ब्रन्सविकची सॉकरपटू हेदर ओ’रायली ऑलिंपिक सुवर्णपदकं घेऊन आली, हे तुमच्या बाजूच्याच गावातलं, आणि अभिमानाचंच. पण ते उदाहरण घेऊन महिन्याचा हिशेब मांडता येत नाही.

म्हणून मिस्टरांना सांगा, ही गुंतवणूक नाही, हौस आहे. हौस म्हटलं की मला त्यात काहीच वावगं वाटत नाही. अकरा वर्षांची मुलगी आठवड्यातून तीन संध्याकाळी स्क्रीन सोडून धावते, मैत्रिणींसोबत हरते-जिंकते, हे विकत घेण्याजोगं आहे. फक्त हौसेला मोल नसतं म्हणतात ते इथे खरं नाही. हौस ही उरलेल्या पैशांतून करायची, आणि तुमच्याकडे वर्षाला उरतात सहा हजार. साडेपाच हजार तिकडे गेले की अख्ख्या वर्षाचे पाचशे डॉलर राहतात.

माझी खरी काळजी ५२९पेक्षाही त्या दोन महिन्यांच्या पैशांची आहे. एच-वन-बीवर नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा व्हिसाचं स्टेटस बदलायला फार तर ६० दिवस मिळतात. तुमची शिल्लक नेमकी तेवढीच टिकते. मला ती निदान पाच-सहा महिन्यांची झालेली हवी आहे, आणि महिन्याला उरणारे पाचशे आधी तिकडे जायला हवेत.

मग मुलीला काय सांगायचं? इथे तुमच्या पत्रातली एक गोष्ट कामाला येते: नोव्हेंबर २०१४. आतापर्यंत वयोगट जानेवारी ते डिसेंबर या जन्मवर्षावर ठरायचे. त्यात नोव्हेंबरची मुलगी गटात सगळ्यात लहान, जानेवारीत जन्मलेल्या मुलींशी खांद्याला खांदा लावणारी. २०२६-२७च्या मोसमापासून गट १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे होताहेत. तुमची लेक आता गटातल्या मोठ्यांत मोडेल. आणि यू-थर्टीनमध्ये (तेरा वर्षांखालच्या गटात) जाण्याऐवजी आणखी एक वर्ष यू-ट्वेल्व्हमध्ये राहील, म्हणजे ९ विरुद्ध ९च खेळेल. अकराच्या टीमचं मोठं मैदान पुढच्या वर्षी. त्या वेळी टीमला जास्त मुली लागतात, क्लब नव्याने जुळवाजुळव करतात, आणि ट्रायआउटला ती एक वर्षाने मुरलेली असेल. आज दुसऱ्या टीमसाठी साडेसात हजार भरण्यापेक्षा पुढच्या मे महिन्यात पहिल्या टीमसाठी प्रयत्न करणं मला जास्त पटतं. दुसऱ्या टीमचं या वर्षीचं लीगचं वेळापत्रकही एकदा बघा. पुष्कळदा त्या टीमा तुमच्या टाउनशिपच्याच टीमशी खेळत असतात.

या वर्षी ती टाउनशिपमध्येच राहू दे, आणि तेच ३५० डॉलरचं फुटसाल तिला लावा, जमलं तर त्या दोन मैत्रिणींसोबतच. उन्हाळ्यात दिवसाचा सॉकर कॅम्प करायचा असेल तर ऑफिसच्या डिपेंडंट केअर एफएसएमधून करा, म्हणजे मुलांच्या देखभालीसाठी पगारातून टॅक्सआधी पैसे बाजूला ठेवायच्या खात्यातून. तेरा वर्षांखालच्या मुलांचा डे कॅम्प त्यात बसतो, तुम्ही दोघं कामावर असता म्हणून. आयआरएसच्या (टॅक्स खात्याच्या) पुस्तिकेत उदाहरण म्हणून सॉकर कॅम्पचंच नाव दिलंय. २०२६पासून मर्यादा साडेसात हजार आहे, आणि तुमच्या टॅक्स ब्रॅकेटमध्ये शंभर डॉलरमागे जवळपास तीस वाचतात. रात्री मुक्कामाचा कॅम्प मात्र चालत नाही. नावनोंदणीची मुदत एचआरला विचारा. चुकली असेल तर यंदा हे राहू द्या.

एवढं वाचूनही क्लबच घ्यायचा ठरला तर सही करण्याआधी करार वाचा. बहुतेक ठिकाणी हप्ते असले तरी पूर्ण वर्षाची फी देणं लागतं, मधेच सोडलं तरी. मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. तेव्हा जायबंदी झाल्यास फीचं काय, हे लेखी विचारा. फायनान्शियल एडसुद्धा विचारा, बऱ्याच क्लबांत असते आणि मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. तिच्या धाकट्या भावाला घरी कोण बघणार, रविवारची मराठी शाळा कोणाची बुडणार, हेही ठरवून घ्या. आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी आले की घर सांभाळतात, पण गार्डन स्टेट पार्कवेवर गाडी घालायला त्यांना सांगता येत नाही.

४८ तासांच्या मुदतीचं फारसं मनावर घेऊ नका. आजच कोचला दोन ओळींची ईमेल करा: ऑफरबद्दल आभार, या वर्षी नाही, पुढच्या मे महिन्यात ट्रायआउटला येऊ. सगळ्यात खाली मुलीचं नाव, आणि ती ईमेल तिलाच टाइप करू दे.