वाचकांचे प्रश्न : खेड्यातलं जागतिकीकरण

प्रश्न : आपल्या कथा-सिनेमांत जागतिकीकरण म्हणजे मॉल, कॉल सेंटर आणि अमेरिकेतली मुलं, एवढंच का दिसतं? गावाचं काय?

उत्तर : ताई, गाव आहे, जरा शोधावं लागतं. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ आधी वाचा. २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी. तिचा नायक एकनाथ शिकलेला आहे, पण मास्तरकीसाठी द्यायला पैसे नाहीत आणि शेतीत पोट भरत नाही. मी बुलढाण्याकडची. कापसाचा भाव पडला की माझे वडील जेवताना एक शब्द बोलत नसत. परदेशातल्या बाजाराचाही त्या भावाशी संबंध असतो, हे मला फार उशिरा कळलं. ती शांतता मला या पुस्तकात पानोपानी भेटली.

मग ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) पाहा. शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका आपल्या शेतकरी नवऱ्यासाठी धास्तावते आणि लहानग्या दिनूला, आपल्या मुलाला, बापाच्या मागे पाठवते, लक्ष ठेवायला. जागतिकीकरणावर एकही भाषण नाही. पोरगं नुसतं बापामागे चालत राहतं. मला तो सिनेमा सलग बघवला नाही, मध्ये उठून अंगणात जाऊन बसले.

मुंबईसाठी जयंत पवारांचं नाटक ‘अधांतर’. १९८२ च्या गिरणी संपानंतरचं घर त्यात आहे.