द्वेष आणि राजकीय हिंसेचा निषेध करणारा ठराव विधिमंडळाने केला, तर त्याने नेमकं काय साधतं?

साधतं, पण ठरावात नाव घेतलेलं असेल तरच. ‘सर्व प्रकारच्या हिंसेचा निषेध’ असं मोघम लिहिलं, तर ज्याने दगड मारला तोही त्याला अनुमोदन देईल.

अमेरिकेतल्या शार्लट्सव्हिलला ऑगस्ट 2017 मध्ये गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा मेळावा झाला. विरोध करणाऱ्यांच्या गर्दीत एकाने मोटार घातली आणि हेदर हायर ही तरुणी गेली. अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी एकमताने ठराव केला, त्यात कू क्लक्स क्लॅन आणि निओ-नाझी ही नावं सरळ घेतली. दोष ‘दोन्ही बाजूंचा’ म्हणणाऱ्या ट्रम्प यांची सहीसुद्धा 14 सप्टेंबरला त्यावर झाली.

आपल्याकडचा दाखला तर मला जास्त मोलाचा वाटतो. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. तो बऱ्याच ठिकाणी कागदावरच राहिला. म्हणून 1926 साली त्यांनी पुढचा ठराव आणला, न मानणाऱ्या नगरपालिकांचं अनुदान थांबवा. महाडच्या नगरपालिकेने तळं कागदावर खुलं केलंच होतं, त्या कागदाच्या आधारावर 1927 साली माणसं तळ्यावर गेली. मार खाल्ला. पण पाण्यावरचा हक्क 1937 साली हायकोर्टाने मान्य केला.

देवळं त्या ठरावात नव्हती. आमच्या नाशकात 2 मार्च 1930 ला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला, पाच वर्षं चालला, दार उघडलं नाही. पंचवटीत त्या दाराशी गेले की मला हा फरक आठवतोच.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षी ‘त्या बेकरीवाल्याकडून काही घ्यायचं नाही’ असा मेसेज फिरला, कारण त्याचा धर्म. सभेत आधी मसुदा आला, ‘कोणाच्याही भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी.’ मी आणि खालच्या मजल्यावरच्या काकू अडून बसलो. रात्री साडेदहापर्यंत वाद चालला, दोघं उठून गेले. शेवटी वहीत लिहिलं गेलं, की अमुक तारखेचा बहिष्काराचा मेसेज चुकीचा होता, सोसायटी त्याचा निषेध करते. खाली सूचक, अनुमोदक, सह्या.

बेकरीवाल्या चाचांनी त्याची झेरॉक्स मागून घेतली. पावाच्या ट्रेमागे, दुकानाच्या परवान्याशेजारी ती लावली आहे. ग्रुपवरचे काही जण अजून त्यांच्याकडे जात नाहीत, पण दुकानासमोर उभं राहून इतरांना अडवणं मात्र थांबलं.